दुपारचे दोन पेले

"गोळ्या कोण देतं?" डॉक्टर निलग्युननी कागदावरून नजर न उचलता विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"रोज?"

"सकाळी आठ, संध्याकाळी आठ. घड्याळ लावून."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. ऑपरेशनला सात महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत ते आकडे मला वाचता यायला लागले होते. रक्तातलं औषध दीडशेच्या वर हवं होतं. ते अठ्ठ्याऐंशी होतं. क्रिएटिनिन, जे वाढलं की किडनी थकली समजायचं, महिनोन्महिने एक पॉइंट दोनवरून हललं नव्हतं. ते एक पॉइंट सातवर गेलं होतं.

"ही किडनी तुझी नाही, हे शरीराला विसरायला लावायचं काम हे औषध करतं," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "औषध उतरलं की शरीराला आठवतं. कळतंय ना, तुंजाय?"

"कळतंय," तुंजाय म्हणाला.

मागच्या खुर्चीत माझ्या सासूबाई, हाजेर, पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. किडनी त्यांची. प्रत्येक तपासणीला त्या आमच्याबरोबर आमच्या तिरे गावाहून इझमीरच्या इस्पितळात यायच्या. बसमध्ये खिडकीची जागा घ्यायच्या आणि मधूनच लेकाच्या पोटाकडे बोट दाखवून विचारायच्या, "काय म्हणतेय ती?" तोही म्हणायचा, "बरी आहे, तुला सलाम सांगितलाय." त्या दिवशी परत येताना त्यांनी काही विचारलं नाही. गाव जवळ आल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "घड्याळ लावून, म्हणे. घड्याळ काय गोळी गिळतं?"

डॉक्टरांनी डोस वाढवून दिला होता. दोन आठवड्यांत आकडा वर येईल असं मला वाटत होतं.

दोन आठवड्यांनी औषध चौऱ्याहत्तर आलं.

तुंजाय नमदे बनवायचा, लोकर दाबून केलेलं जाड कापड. त्याचे वडील, आजोबाही तेच करायचे. लोकर पिंजायची, चटईवर पसरायची, उकळतं पाणी मारायचं, गुंडाळी करून तासन्‌तास पायाने तुडवायची. तुडवताना तो गाणं म्हणायचा आणि गल्लीत लोक थांबायचे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सगळं बंद केलं. लोकरीची धूळ नको, जोर नको, वाफ नको. चुलतभावाने कारखाना घेतला आणि तुंजायला पुढच्या दुकानात स्टुलावर बसवलं. नमद्याच्या सपाता आणि टोप्या विकायच्या. मागून भाऊ तुडवत असल्याचा आवाज यायचा आणि हा पुढे बसून गिऱ्हाइकाला मापं विचारायचा. घरी कधी तक्रार केली नाही त्याने. सासूबाईंसमोर तर हसतच असायचा. मी एकदा विचारलं, "करमतं का रे?" तो म्हणाला, "आईनं पोट फाडून दिलंय, मेलिहा. करमतं का म्हणून काय विचारतेस?"

चौऱ्याहत्तर कळल्यावर सासूबाई बिछाना घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. गोळ्यांचा डबा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या उशाशी ठेवला.

"आजपासून मी देणार," म्हणाल्या. "माझ्या हातनं जाऊ दे पोटात, मग बघू."

"द्या, आई," मी म्हणाले. मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं होतं.

सकाळी आठ वाजता त्या तुंजायसमोर पाण्याचा ग्लास धरायच्या. तो गोळ्या तोंडात टाकायचा. मग त्या म्हणायच्या, "तोंड उघड." पस्तीस वर्षांचा माणूस आईसमोर तोंड उघडायचा. "जीभ वर कर." तो करायचा. मी टोमॅटो चिरत पाठमोरी उभी राहायचे, त्याला माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

डॉक्टरांनी मला एक वही करायला सांगितली होती. तोंडात जे जे जाईल ते लिहायचं. मी लिहीत होते: चीज, सहा ऑलिव्ह, आंबवलेल्या पिठाचं तरहाना सूप, गव्हाचा पाव, दही, बिनसाखरेचा काळा चहा. महिनाअखेरीला आम्ही तिघं परत इझमीरला गेलो. औषध एकसष्ट. क्रिएटिनिन दोन पॉइंट तीन.

सासूबाईंचा चेहरा उतरला. इतके दिवस त्यांना दोष द्यायला मी होते. आता डबा त्यांच्या उशाशी होता आणि तरी आकडा पडला होता.

डॉक्टरांनी सोमवारी बायोप्सी ठरवली. सुई घालून किडनीचा कण काढायचा, शरीराने हल्ला सुरू केलाय का ते बघायचं. बाकीचे दोघं बाहेर गेल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. काही पेशंट गोळी गिळतात आणि नंतर जाऊन ओकून टाकतात. तुमच्या नवऱ्याला जगायचं आहे ना?"

मी हो म्हणाले. पण इतक्या पटकन म्हणाले की त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"लक्ष ठेवा," त्या म्हणाल्या. "ही किडनी गेली तर दुसरी देणारं घरात कोणी नाही."

तो बुधवार होता. गुरुवारी सकाळी गोळ्या घेतल्यावर तो अर्धा तास माझ्या नजरेसमोर बसला. न्हाणीघरात गेला तेव्हा मी दाराशी उभी राहिले आणि कान दिला. नुसता नळाचा आवाज आला. तो बाहेर आला आणि मला तिथे बघून जोडे घालू लागला.

दुपारी मी डोक्याला रुमाल बांधून त्याच्या दुकानासमोरच्या गल्लीत गेले आणि तांबटाच्या ओट्याआड उभी राहिले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, नवऱ्याच्या मागे लपत फिरण्याची वेळ कधी आली नव्हती. अडीचच्या सुमाराला तो बाहेर आला, भावाला आत काहीतरी सांगितलं आणि मशिदीकडे चालू लागला. मला वाटलं नमाजाला चाललाय. पण मशिदीवरून तो पुढे गेला, उजवीकडे वळला आणि सितकीकाकांच्या दुकानात शिरला.

सितकीकाकांचं जडीबुटीचं दुकान गावात सगळ्यांना माहीत. त्यांच्याकडून बडीशेप न नेलेलं घर सापडणार नाही. काचेतून दिसलं, तुंजाय मागच्या बाजूला बसला होता आणि काका त्याच्यासमोर पेला ठेवत होते. चहा पीत होता माझा नवरा. एवढंच. मनात काय काय येऊन गेलं होतं, आणि हा बसून चहा पीत होता. मला स्वतःचीच लाज वाटली. मी परत फिरले.

बाजाराच्या टोकापर्यंत आल्यावर मला वही आठवली. त्या वहीत हा चहा नव्हता.

मी परत गेले आणि दार ढकललं. तुंजायने वर बघितलं आणि पेला खाली ठेवला.

"ये, सूनबाई, बस," सितकीकाका म्हणाले. सत्तरीचा माणूस, मिशा पांढऱ्या, हात कायम हिरवट. "तुझ्या नवऱ्याला म्हटलं होतं मी, बायकोलाही आण."

"काय पितोय हा?"

"चहा."

"कसला, काका?"

काकांनी एकदा तुंजायकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. "मन हलकं करायचा," काका म्हणाले. "बाबूनाची फुलं आहेत, लिंबासारख्या वासाची पानं आहेत, आणि मुख्य म्हणजे पिवळ्या फुलांचं कांतारोन. डोंगरावरचं, मी स्वतः खुडलेलं."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून," तुंजाय म्हणाला. "दुपारी दोन पेले."

मी मनातल्या मनात आकडे मांडले. फेब्रुवारीत दोनशे दहा होतं. मार्चमध्ये अठ्ठ्याऐंशी. मग चौऱ्याहत्तर, आणि आता एकसष्ट.

"यात असं काही आहे का, काका, की ज्यानं दुसऱ्या औषधाला बाध येईल?"

त्यांना ते लागलं. "पोरी, गवत आहे ते, विष नाही. माझ्या बापानं पन्नास वर्षं विकलं, कोणी मेलं नाही. तुझ्या घरात कांतारोनच्या तेलाची बाटली आहे की नाही?"

"आहे." भाजलं की आम्ही सगळेच लावतो, लाल रंगाचं.

"मग?"

मला फक्त महिने जुळताना दिसत होते.

"मला यातलं थोडं बांधून द्या. आणि सुटं कांतारोनसुद्धा, फुलासकट."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण कागदात बांधून दिलं. दुकानाच्या बाहेर आल्यावर तुंजायने माझा दंड धरला. "आईला सांगू नकोस."

"काय सांगू नको? चहा पितोस ते?"

"का पितो ते."

आम्ही भर रस्त्यात उभे होतो. शेजारून गाढवावर पालेभाजी लादलेली बाई गेली. तो हळू आवाजात म्हणाला, "सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, परत मिटावेत. जानेवारीभर असं होतं. काकांना चेहऱ्यावरून कळलं, त्यांनी बोलावून घेतलं. महिन्याभरात बरं वाटायला लागलं, मेलिहा. खरंच बरं वाटलं. तिनं पोट कापून दिलं आणि मी तिला सांगू, की मला जगायचा कंटाळा आलाय?"

आईंना सांगणार नाही असा त्याला शब्द देऊन मी टपाल कचेरीतून डॉक्टरांना फोन लावला. कांतारोनचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "मला माहीत नाही," शेवटी म्हणाल्या. त्यांनी ते कबूल केलं याचं मला नवल वाटलं. "पण आजपासून बंद. एक थेंबही नको. फूल घेऊन या, मी आमच्या औषधवाल्यांना विचारते. आणि त्यांना एकटं सोडू नका."

शुक्रवार चहाशिवाय गेला. शनिवारी तुंजाय उठलाच नाही. गोळ्या अंथरुणातच घेतल्या, तोंड उघडून दाखवलं, परत भिंतीकडे वळला. सासूबाई दर तासाला आत जाऊन त्याच्या कपाळाला हात लावत होत्या. ताप नव्हता. ताप असता तर त्यांना बरं वाटलं असतं, निदान कारण तरी सापडलं असतं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी माझ्या पिशवीतून इझमीरला न्यायचे रिपोर्ट काढले. रिपोर्टांबरोबर कागदाची पुडी बाहेर आली.

"हे काय आहे?"

मी वळले. त्यांच्या तळहातावर वाळकी पिवळी फुलं होती.

"पाला आहे, आई."

"दिसतंय मला पाला आहे ते. कशाचा? कोणाला घालतेस?" आवाज चढला नव्हता त्यांचा, उलट बसला होता. "डबा माझ्याकडे आणि आकडा पडतोच आहे. मी म्हणतेय, कसा पडतोय. सुपात घालत होतीस?"

"नाही."

"मग कुठं? बोल ना. पोर मरायला टेकलंय माझं, आणि तू पुड्या लपवतेस?"

मी शब्द दिला होता. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरांना विचारू, आई." एवढंच म्हणता आलं. त्यांनी पुडी टेबलावर आपटली. फुलं सांडली. त्या म्हणाल्या, "उद्या तू येऊ नकोस. मी नेते त्याला. तू तुझ्या बापाकडे जा."

"माझं आहे ते."

तुंजाय दारात उभा होता, अंगावर तीन दिवसांचा सदरा, हात चौकटीला. "मी पितो. सितकीकाकांकडे जाऊन. तिला गुरुवारी कळलं. मीच तिला म्हटलं सांगू नकोस."

"का पितोस?"

तो आत येऊन टेबलाशी उभा राहिला.

"तुंजाय, पोटात दुखतं का? का पितोस?"

"दुखत नाही, आई. मला कशात रस वाटत नाही. दुकानात बसतो, मागून तुडवल्याचा आवाज येतो, आणि वाटतं, आपण उगाच जिवंत आहोत." तो सांडलेल्या फुलांकडे बघत होता. "तू एवढं दिलंस. मला आनंदात राहायला हवं होतं. मला ते जमत नाही."

सासूबाई खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या टेबलावरची फुलं एका बोटाने गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "मी तुला किडनी दिली. आनंदात राहा असं कधी म्हटलं होतं का?"

"नाही."

"मग तू तुझ्या मनानंच कसं ठरवलंस?" त्यांनी नाक पुसलं. "तुझा बाप गेला तेव्हा मी दोन वर्षं रडत होते. कोणी मला म्हटलं नाही की बंद कर. गाढवा, रडायचं असलं तर रड की. माझ्यासमोर रड. दुसऱ्याच्या दुकानात जाऊन पाला कशाला पितोस?"

माझ्याशी त्या दिवसभर बोलल्या नाहीत. पण रात्रीच्या गोळ्यांच्या वेळी डबा माझ्या हातात दिला.

सोमवारी सुई घातली. तुंजाय आत असताना डॉक्टर निलग्युन बाहेर आल्या. बरोबर औषध विभागातला एक तरुण होता, हातात दोन छापील पानं. मी आणलेलं फूल बघून तो म्हणाला, "हेच." गेल्या वर्षभरात परदेशातल्या डॉक्टरांनी लिहायला सुरुवात केली होती. कांतारोनमुळे यकृत जास्त काम करायला लागतं, आणि शरीरातली बाकीची औषधं ते भराभर मोडून बाहेर टाकतं. किडनीचं, हृदयाचं, रक्त पातळ करायचं औषध. गर्भ राहू नये म्हणून बायका घेतात त्या गोळ्याही.

"म्हणजे गोळ्या पोटात जात होत्या," मी म्हणाले.

"सगळ्या जात होत्या," डॉक्टर म्हणाल्या, आणि वळून सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या सुनेनं एकही चुकवलेली नाही."

"ते मला माहीत आहे," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या, जणू कधी दुसरं काही बोलल्याच नव्हत्या. मला हसू आलं आणि रडूही.

बायोप्सीत हल्ला सुरू झालेला दिसला. तुंजायला तीन दिवस शिरेतून जबर औषध दिलं. चेहरा सुजला, साखर वाढली, तो अंथरुणात बसून भिंतीशी बोलायला लागला. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन दोन पॉइंट सहा होतं. नवव्या दिवशीही दोन पॉइंट सहा. डॉक्टरांनी डायलिसिसच्या खोलीचं नाव काढलं. सासूबाईंनी ते ऐकलं आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. मी जवळ गेले तेव्हा त्या पोटाच्या डाव्या बाजूला, जिथे त्यांचा व्रण आहे, हात दाबून उभ्या होत्या.

अकराव्या दिवशी दोन पॉइंट दोन.

मग दुसरंच संकट. कांतारोन थांबल्यावर यकृताचा वेग हळूहळू कमी होतो, आणि आमचा डोस तर वाढवलेला. तिसऱ्या आठवड्यात रक्तातलं औषध तीनशे चाळीसला गेलं. तुंजायचे हात इतके थरथरत होते की चमचा दातांवर आपटायचा. तेवढं औषधही किडनीला मारतं. डॉक्टर रोज रक्त घ्यायच्या आणि रोज थोडं थोडं उतरवायच्या, आणि मी वहीत लिहून घ्यायचे. जूनच्या मध्यावर आकडा एकशे सत्तरला स्थिर झाला.

क्रिएटिनिन एक पॉइंट आठवर थांबलं. एक पॉइंट दोन परत कधी दिसलं नाही. तेवढी किडनी गेली ती गेलीच.

डॉक्टरांनी तुंजायला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बाकीच्या गोळ्यांशी न भांडणारी एक गोळी दिली आणि आठवड्याला एक तास बोलायला बोलावलं. पहिल्या खेपेला तो जायला तयार नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तू आत जा, मी बाहेर बसते. मला ऐकू येणार नाही, कान दुखतोय माझा." कारखान्यातलं तुडवणं त्याला परत मिळालं नाही. पण नक्षी मांडायला परवानगी मिळाली, मास्क लावून, रंगीत लोकरीचे पट्टे चटईवर ठेवायचे आणि उठायचं. पुढचं भाऊ करतो. सुरुवातीला महिनाभर त्याची नक्षी वाकडी यायची. भाऊ चिडवायचा, "हे डाळिंब आहे की बटाटा?" एकदा त्यानेही उलट काहीतरी ऐकवलं आणि दोघं हसल्याचा आवाज मला गल्लीत आला.

सितकीकाका ऑगस्टमध्ये घरी आले, हातात अंजिरांची टोपली. बसेनात. उभ्यानेच म्हणाले, "मी त्याला बरं करायला गेलो होतो, हाजेर."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याला बरं वाटतही होतं. म्हणून तर कळलं नाही."

"मी खोटं काही विकलं नव्हतं. त्यात जे आहे म्हटलं तेच होतं."

"तेच तर," मी म्हणाले. "त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत होतं, काका. याच्या पोटात आणखी काय काय जातंय, ते तुम्ही विचारलं नाही. आणि यानं सांगितलं नाही."

त्यांनी मान हलवली. मग इस्पितळातल्या त्या तरुणाचा पत्ता मागितला. त्याने त्यांना दोन पानं लिहून दिली: कांतारोन कोणाला द्यायचं नाही, ज्येष्ठमध कोणाला नाही, सेजची पानं पोटुशीला का नाहीत. काकांनी ती गल्ल्यामागे चिकटवली. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात, "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" अर्ध्या लोकांना राग येतो. "बडीशेप घ्यायला आलोय, तपासायला नाही," म्हणतात आणि शेजारच्या दुकानात जातात. काका जाऊ देतात.

सासूबाईंनी माझी माफी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही. त्या त्यांच्या घरी परत गेल्या तेव्हा बिछाना मी पोहोचवला. दारात मला म्हणाल्या, "त्या रविवारी तू गप्प का राहिलीस? एवढं ऐकून घेतलंस."

"त्यानं सांगू नको म्हटलं होतं."

त्यांनी बिछाना माझ्या हातातून घेतला. "पुढच्या वेळी सांग," म्हणाल्या. "त्यानं कितीही सांगू नको म्हटलं तरी."